समासातली अक्षरं

'नियमात बसत नाही' हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि नोकरी अशी की ते रोज ऐकावं लागतं. सोलापुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची खरेदी आणि देणगी मी बघते. देणगीचे दोन नियम: आपल्याकडे असलेलं पुस्तक पुन्हा घ्यायचं नाही, आणि आत काही लिहिलेलं असेल तर मुळीच नाही.

सोमशेखर आमचा संशोधक विद्यार्थी. ज्वारीच्या रानातले शब्द गोळा करायचा. वळसंगला काय म्हणतात, मंगळवेढ्याला काय, घरात कानडी बोलणारे काय म्हणतात, सगळं आपल्याच पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. प्रबंध पुरा व्हायच्या आत काविळीनं गेला. मग त्याची आई, काशम्मा, वळसंगहून आली.

"ठिवून घ्या की, बाई. धाकटा समदी रद्दीत घालतो म्हनतोय."

निवड समितीचे अध्यक्ष महादेवप्पा सर तिथेच उभे होते. तिनं आणलेलं एक पुस्तक त्यांनी चाळलं आणि परत दिलं. "आजी, लिहिलेली पुस्तकं आम्ही घेत नाही." ती पुस्तक घेऊन वळसंगला परत गेली.

मी मात्र पुढचे काही आठवडे सरांचा पिच्छा सोडला नाही. "सर, छापलेलं सगळं आपल्याकडे आहेच. नाही ते फक्त त्या समासात आहे!" शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बैठकीत दाखवा. सगळ्यांना पटलं तर घेऊ."

ही वर्षातली शेवटची बैठक होती. आज नाही झालं, तर पुस्तकं रद्दीत जाणार हे नक्की. सकाळीच काशम्माला फोन केला. आवाज तुटत होता. "सगळी पुस्तकं घेऊन या," एवढंच तिच्यापर्यंत पोचलं.

बैठक संपत आली तरी तिचा पत्ता नाही. सर घड्याळ बघायला लागले. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. इतक्यात दार ढकलून ती आत आली, दोन्ही हातांत गाठोडी, आणि चेहऱ्यावर चक्क हसू. माझा जीव भांड्यात पडला.

मी घाईघाईनं एक पुस्तक उघडलं. समास कोरा. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. पानं जरा खरखरीत झालेली, शिवणीत रबराचा काळा भुगा.

"काशम्मा, यात लिहिलेलं होतं ते?"

"पुसलं की समदं. ह्ये सायेब म्हनलं हुतं न्हवं, लिवल्याली घेत न्हाय म्हून? रोज दुपारी पुसत बसत हुते. एक पान फाटू दिलं न्हाय."

महादेवप्पा सरांनी पुस्तक ओढून घेतलं, पान डोळ्यांजवळ नेलं.

"आजी, सगळंच पुसलंत?"

"व्हय. मला वाचाया येत न्हाय, पर माझं नाव तेवढं वळखते. त्यानंच शिकवलेलं. एका पुस्तकात त्यानं ते लिवलं हुतं. तितं लई येळ हात चालंना." तिनं पदरानं हात पुसले. "पर तेवढ्यापायी समदी परत गेली असती की. मग तेबी पुसलं. आता घ्याल न्हवं?"

"घेतली, आजी," सर म्हणाले. त्यांच्याकडे बघून मला ओरडायचं होतं, पण मला रडूच फुटलं.