टॉवेलाखालची बोटं

आमच्या घरात एक गोष्ट एकमतानं ठरली होती, की अप्पांना काही सांगायचं नाही. एरवी भाजी कोणती करायची यावरही आमचं एकमत होत नाही.

अप्पा म्हणजे माझे सासरे, रुद्रप्पा. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. बैलाचं वय दातावरून आणि मालकाची अडचण चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस. त्यांना रक्ताचा कॅन्सर झालाय हे त्यांच्यापासून लपवायचं काम माझ्या नवऱ्यानं, गुरूनं, अंगावर घेतलं होतं. गुरूला आजवर माझ्या वाढदिवसाची साडीसुद्धा लपवता आलेली नाही.

"रक्त कमी झालंय, एवढंच म्हणायचं," त्यानं सगळ्यांना बजावलं. तपासण्यांसाठी दवाखान्यात खेपा सुरू होत्या, तिथं त्या विभागाच्या दाराशी मोठी पाटी होती. तिच्यातला 'कर्करोग' नेमका झाकला जाईल अशा बेतानं तो टेकून उभा राहायचा. नर्स दोनदा म्हणाली, "खुर्ची रिकामी आहे की, बसा." हा बसेना. समोरच्या बाकावरून अप्पा पाटीकडे नाही, पोराकडे बघत राहायचे.

माझा स्वभाव काळजीचा. काव्या झाल्यापासून जास्तच. चार वर्षांच्या पोरीच्या शिंकासुद्धा मी मोजते. तिच्याच चित्रकलेच्या वहीत मी डॉक्टरांना विचारायचे चौदा प्रश्न लिहून नेले. गुरूनं पेन मागितलं आणि ज्यात 'किती' होतं ते सगळे खोडले. मग ज्यात 'जर' होतं ते. उरले तीन, तिन्ही खाण्याचे. त्यामुळे पहिल्या भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांशी आम्ही पंधरा मिनिटं शेंगाचटणीवर बोललो. डॉक्टर संघपाल मोहोळचे, तरुण. चटणीवर त्यांनीही मन लावून मत दिलं.

खरं बोलणं झालं बाहेर व्हरांड्यात, अप्पा आत बसलेले असताना. रस्ते दोन होते. एक मोठं औषध. त्यासाठी महिनाभर दवाखान्यात, वेगळ्या खोलीत राहायचं, भेटायला कुणी नाही. आजार मागं हटण्याची शक्यता जास्त, पण या वयात औषधच झेपलं नाही तर त्या खोलीतच सगळं संपायची भीती. दुसरं हलकं औषध. दर महिन्याला सात दिवस येऊन इंजेक्शन घ्यायचं आणि घरी जायचं. आजार काही काळ दबून राहतो, जात नाही.

"यातलं काय हवं ते अप्पांनी सांगायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

"त्यांचं काही नसतं हो," गुरू म्हणाला. "आम्ही सांगू ते ऐकतात."

अप्पांनी आयुष्यात कुणाचं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

गुरूला मोठं औषध हवं होतं. मलाही. त्याचं कारण बापावरची माया. माझ्या कारणात मायेबरोबर काव्याचं वाहतं नाकही होतं. अप्पा घरी राहिले आणि तिची सर्दी त्यांना बाधली तर? ते खोलीत असले की तो ठपका माझ्या पोरीवर यायचा नाही. हे मी कुणाला बोलले नाही. न बोलण्यात आम्ही सगळेच तरबेज झालो होतो.

दुसऱ्या भेटीत सही व्हायची होती. गुरूनं मोठ्या औषधाचा फॉर्म भरूनच आणला होता. डॉक्टरांनी तो अप्पांपुढे सरकवला.

"अप्पा, औषधं दोन प्रकारची आहेत."

"रक्तवाढीची," गुरू मध्येच म्हणाला.

"व्हय," अप्पा म्हणाले. "त्या रक्तवाढीपायी तू तीन आठवडे पाटीला टेकून हुबा हाईस. खांदा दुखला असंल. बस."

गुरू बसला.

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल टेबलावर पसरला आणि उजवा हात त्याखाली घातला. "डॉक्टर, हात द्या हिकडं. बाजारात आमी भाव तोंडानं बोलत न्हाय. चार लोक ऐकत्यात, मदी त्वांड घालत्यात, सौदा नासतोय. टॉवेलाखाली बोटं दाबायची. ज्याचा बैल त्याला कळलं की झालं. एक बोट म्हंजे एक महिना. मी इचारतो, तुमी दाबा."

डॉक्टरांनी गुरूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात आत घातला. "माझे आजोबा शेळ्या विकायचे," ते म्हणाले. "येतं मला थोडं."

"मोठं औषध."

टॉवेल हलला, थांबला, परत हलला.

"पक्कं?"

"पक्कं कुणालाच सांगता येत नाही, अप्पा. काहींना याहून जास्त मिळतात. काहींना पहिला महिनाही निघत नाही."

"हलकं?"

टॉवेल हलला.

"आन काईच न्हाय घेतलं तर?"

हा प्रश्न माझ्या चौदांतही नव्हता. टॉवेल जरासाच हलला. मी मान लांब करून बघत होते. लाज वाटली, पण बघायची थांबले नाही. टॉवेल जाड होता.

"म्हंजे मोठ्यात थोडं जास्त," अप्पा म्हणाले, "पर पयला महिना खोलीत, एकटा. आन जास्तीचं मिळंल ह्येचा भरवसा न्हाय."

"नाही."

"हलकं द्या. घरला जातो."

"अप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही," गुरूचा आवाज चिरकला.

"कळंना म्हणूनच इचारलं की."

डॉक्टर म्हणाले, आता गुरूंनाही हे सगळं आकड्यांसह समजावतो. अप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "औषधाचं समजवा. आकडा सांगू नका. पोरगं लई घाबरट हाय, त्येला सोसायचं न्हाय."

रिक्षात गुरूनं तीनदा विचारलं, "किती?" अप्पा बाहेरची दुकानं बघत होते. आकडा मला आजही माहीत नाही.

घरात पाऊल टाकतो तोच अकलूजहून नणंदेचा फोन. "अप्पांना काही कळलं तर नाही ना?"

"नाही," गुरू म्हणाला. "रक्त कमी झालंय, एवढंच माहितीये त्यांना." शेजारी बसलेले अप्पा मान डोलावत होते.

तेवढ्यात काव्या नाक ओढत पळत आली. मी तिला दारातच धरलं. ती अप्पांकडे झेपावत "अज्जा, अज्जा" करत सुटायला बघत होती. एरवी मी थाप मारली असती, अज्जा दमलेत म्हणून.

"अप्पा," मी म्हणाले, "हिला सर्दी आहे. तुमच्या रक्तात ती परतवायची ताकद उरलेली नाही. जवळ आली तर तुम्हाला बाधेल. लांब ठेवली तर ती तुमच्याविना, तुम्ही तिच्याविना. मी काय करू?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. दुखणं सुरू झाल्यापासून घरातल्या कुणी त्यांचं मत मागितलं नव्हतं.

"किती दिस राहती हिची सर्दी?"

"चार-पाच."

"मग पाच दिस लांब ठिव. तेवढं हायत माज्याकडं. सहाव्या दिशी मातर तू मदी यायचं न्हाय."

मी खुर्ची उंबऱ्याबाहेर ओढली आणि काव्याला मांडीवर घेऊन बसले. तिथूनच तिनं अज्जाला विचारलं की आज सुई किती मोठी होती.