उतरतीचा सात

“बाई, मला साल सांगा. भाव काय सांगताय?”

दफनभूमीच्या कचेरीतला कारकून तिच्या लेकाच्या वयाचा असेल. ती खिडकीचा गज धरून उभी होती. पूल चालून आल्याची धाप केव्हाच ओसरली होती.

“सात चालू होता तेव्हा गेले माझे वडील. तुमच्या एका नोटेला आमच्या सात.”

“इथं मढी आहेत, बाई. बाजार पुलाच्या तोंडाशी भरतो.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्याचं काय जातं! नदीच्या अलीकडच्या गावात सालं कुणाच्या ध्यानात राहत नसत. पलीकडच्या नोटेचा भाव तेवढा राही, कारण त्यावर चूल पेटे आणि त्यावरच विझे. कुणी तिनात जन्मलं, कुणाचं लग्न पाचात लागलं. तिची आई तर पाळण्याशी म्हणायची,

तिनाच्या गं भावाला, दारी पाळणा हालला
पाचाच्या गं भावाला, घरधनी पूल चालला

तो घरधनी, म्हणजे तिचा बाप, गवंडी होता. पलीकडच्यांच्या भिंती बांधायचा आणि पंधरवड्याने घरी यायचा. साताला परांचीवरून पडला आणि पलीकडच्याच मातीत गेला. आता त्या मातीवरून रस्ता जाणार होता. ज्यांना आपलं माणूस सापडेल त्यांनी अस्थी न्याव्यात, उरलेल्यांना एकच खड्डा. खणायला आजपासून सुरुवात. आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली, आज आहे तर उद्या नाही अशी, आणि तिचा एकच धोशा: “मला त्याच्या शेजारी ठेव गं.”

नाव सांगून उपयोग नव्हता. पुलावरून आलेल्या मजुरांची नावं त्या काळी कुणी लिहीत नसे. त्या त्या सालाची रांग, आणि मढ्याच्या उशाला काठीवर धंदा. हमाल. आचारी. गवंडी. काठ्या तर कधीच कुजून गेल्या, उरल्या त्या कचेरीतल्या नोंदी.

साल तिने जुन्या भावांच्या वहीतून काढून आणलं होतं. नोटा बदलून देणाऱ्या दुकानात ती कामाला होती. रोज सकाळी दारातल्या फळ्यावर भाव तीच लिही. जुने भाव विचारायला अख्खं गाव तिच्याकडे येई, मग ती कुणाकडे जाणार? तिने साल सांगितलं. कारकुनाने बोट फिरवत नोंदी पाहिल्या.

“या सालात गवंडीच नाही. चार हमाल आहेत, चालतील?”

बोलला आणि स्वतःच ओशाळला. तिच्या तोंडाकडे पाहून हळूच म्हणाला, “घरी नीट विचारून या, मावशी. तोवर ही रांग मी राखून ठेवतो. माणसांना दुसऱ्या टोकाने खणायला लावतो.”

घरी आईच्या उशाशी काका बसला होता. काका म्हणजे वडिलांच्या जोडीचा गवंडी. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती.

“साताला गेला,” आई पुटपुटली. “साताला.”

“त्या सालात नाहीत गं आई.”

“कुठल्या सातात पाहिलंस?” काकाने विचारलं.

“कुठल्या म्हणजे? सात तो सात.”

“चढतीचा की उतरतीचा?”

तिला काही उमगेना. भाव चढतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. उतरलेला कुणी पाहिलाय?

“अगं, अकराला जाऊन टेकला आणि सरकारने पूल बंद केला. पूलच बंद, मग पलीकडची नोट काय चाटायची? घसरत घसरत आला साताला. एक उन्हाळा राहिला तसा. पूल उघडला नि पुन्हा लागला उड्या मारायला.” काकाने आईकडे मान वळवली. “पूल बंद होता, आम्ही तिकडंच अडकलेलो, म्हणून तर तिकडं ठेवला त्याला. नाहीतर खांद्यावरून आणला नसता का आम्ही?”

इतकी साधी गोष्ट. वहीतल्या जुन्या भावांवरून तिचं बोट पहिल्या सातापाशी थांबलं होतं, ते पुढे सरकलंच नव्हतं.

“काका, आधी का नाही बोललात?”

“तू विचारलंस कधी? भावातलं तुला कोण शिकवणार, बाई!”

ती धावली. वाटेत दुकानात वही उघडून दुसऱ्या साताचं साल पाहिलं. पुलावर चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. एका पायाने अनवाणी कचेरीपाशी पोचली आणि गज धरून तिने नवं साल सांगितलं.

कारकुनाचं बोट खाली खाली गेलं. थांबलं.

“गवंडी. आहे. एकच आहे.”

“मग चला ना! चला लवकर!”

तो मान वर करेना.

“मावशी… त्याच टोकाने सुरुवात केली.”

भिंतीलगत खड्डा होता. खणणारे हातपाय धूत होते. “आता कोण कुठलं, आम्हालाही नाही सांगता यायचं,” त्यातला एक म्हणाला, आणि पाण्याची बादली तिच्यासाठी पुढे सरकवून बाजूला झाला. पलीकडे, तिने सकाळी सांगितलेल्या सालाची रांग मात्र जशीच्या तशी होती. कारकुनाने रांगेभोवती दोरी बांधली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून टोकाला दगडही ठेवला होता. चौघे हमाल सुखरूप होते.

परतताना पूलभर ती खोटं जुळवत आली. पण उंबऱ्यात पाऊल पडलं आणि सगळं विसरली.

“सापडला?” आईने विचारलं.

“सापडले. पण एकटे नाहीत गं. सगळ्यांना एकत्र ठेवलंय.”

“लई आहेत?”

“पुष्कळ.”

“गवंडी आहेत त्यात आणखी?”

“असतील.”

“मग बरं.” आई म्हणाली. “नीट रचून घेतील.” आणि मग, “मला घेतील का गं त्यात?”

ती निघाली तेव्हाच खड्ड्यावर माती लोटायला लागले होते. तिने आईचा हात तेवढा हातात घेतला.

आईने चादरीखाली पाय आखडले, अंग चोरलं, आणि गर्दीत बसताना दुसऱ्याला अडचण होऊ नये म्हणून सरकावं, तशी ती भिंतीकडे सरकली.