आत उघडणारे फाटक

"फाटकाला हात लावू नको मुंज्या, आधी मेंढरं मागं सरू दे!" मुंजाबाची थोरली बहीण बानाबाई काठी उगारून ओरडली.

मुंजाबाने धरलेली कडी सोडली. रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरने फट्दिशी आवाज काढला होता आणि वाडग्यातली सगळी मेंढरे एकाच वेळी फाटकाकडे धावली होती. काट्यांचे कुंपण घालून केलेल्या त्या वाडग्याला तेवढीच एक वाट. मागची पुढच्यांच्या पाठीवर चढत होती, आणि जितका रेटा वाढत होता तितके फाटक घट्ट बसत होते. बानाबाई बाजूचे काटे ओढून आत शिरली, तोंडाने टकटक करत तिने मागच्या मेंढरांना फिरवले, तेव्हा कुठे पुढची मोकळी झाली. त्यांच्या पायांखाली एक कोकरू सापडले होते. ते उठले, जरासे लंगडले आणि आईला लुचायला गेले.

"बघ, तुझं फाटक," हातातला काटा काढत बानाबाई म्हणाली. "आत उघडतंय म्हणून निभावलं. भाईर उघडणारं असतं तर आर्धी मेंढरं टॅक्टरखाली गेली असती. बापानं शिकवलेलं कामाला आलं."

एरवी कुणी आपल्या कामाला चांगले म्हटले की मुंजाबा मिशीतल्या मिशीत हसायचा आणि वर चार गोष्टी आपणच जोडायचा. या खेपेला त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो त्या लंगडणाऱ्या कोकराकडे बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "शाळेचं फाटक बी मी आतच उघडणारं बसवलंय."

"मग?"

"आज तिथं अख्खं गाव जमणार हाय."

मुंजाबाबद्दल एवढे सांगायला हवे की हा माणूस मेंढरांत जन्मला आणि लोखंडात म्हातारा झाला. बहात्तरच्या दुष्काळात बापाचा कळप गेला. जी मेंढरे मेली नाहीत ती विकली. पोरगा शहरात आला, गुलमंडीमागच्या एका बोळात लोहाराच्या भात्याजवळ बसला, पुढे वेल्डिंग शिकला आणि शेवटी वाळूजच्या रस्त्याला स्वतःची पत्र्याची शेड टाकून कुंपणे आणि फाटके करू लागला. या मुलखात कुंपण टिकवणे म्हणजे चेष्टा नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगून बसते. आज सरळ उभा केलेला खांब वर्षाने नमस्कार घालू लागतो. मुंजाबा मुरूम लागेपर्यंत खड्डा खणायचा, निघालेली काळी माती चुकूनही परत आत टाकायचा नाही, मुरूम आणि दगड ठासून भरायचा. भर उन्हात तार कधी तणाणून ओढायचा नाही, कारण थंडीत ती आखडते आणि कोपऱ्याचा खांब उपटून काढते. त्याचे फाटक झुकत नसे, अडकत नसे, कुरकुरत नसे. "फाटक नाय कुरकुरत," बायको राजाबाई म्हणायची, "त्याच्या वाटणीचं आमचं मालकच कुरकुरतात." आणि ते खरे होते. आपल्या कामात खोट काढलेली त्याला सोसत नसे. काढणाराच मूर्ख, हे तो धरूनच चालायचा.

फाटक आत उघडावे, हे त्याला कुणी शाळेत शिकवले नव्हते. लहानपणी बापाने वाडग्यापाशी उभे करून दाखवले होते. मेंढरू बुजले की दाराकडे धावते. दार आत उघडणारे असेल तर कळप आपल्याच रेट्याने ते लावून घेतो. ही गोष्ट त्याच्या हाडात इतकी मुरली होती की जन्मभर त्याने प्रत्येक फाटक आतच उघडणारे केले. गोठ्याला, मळ्याला, बंगल्याला. कधी काही बिघडले नाही. बंगल्यात रेटणार तरी कोण?

पण वेरूळच्या रस्त्यावरच्या त्या शाळेला त्याने चारी बाजूंनी डोक्याच्या वर जाणारी जाळी ठोकली होती. वर काटेरी तार, खांब मुरमात रोवलेले. गावातली गुरे आणि डुकरे आत घुसून पोरांचे डबे खातात, म्हणून हे सगळे. बाहेर पडायला एकच फाटक. ते गावातल्या आप्पासाहेबांनी आपल्या आईच्या नावाने दिले होते आणि आज गॅदरिंगच्या दिवशी चार वाजता त्याचे उद्घाटन होते.

बानाबाईने सुनेला हाक मारली, कळप तिच्या हवाली केला आणि न विचारताच भावाच्या जुनाट एम-एटी गाडीवर मागे बसली.

"तू कशाला?" मुंजाबा म्हणाला.

"तुला 'चुकलं' म्हणता येत नाय. जन्मात म्हणला नायस. तिथं जाऊन भलतंच बोलशील. चल."

वाटेत त्याला सारखा तो कळप दिसत होता आणि मेंढरांच्या जागी झगमगीत कपडे घातलेली पोरे दिसत होती. मंडपाचे कापड पेटले, पत्रा पडला, नुसती कुणी "साप" म्हणून आरोळी ठोकली, तरी सगळे एका दाराकडे धावणार. आणि दार त्याने बनवलेले. वाकणार नाही, मोडणार नाही असे.

शाळेत मंडपाचे बांबू उभे राहिले होते. फाटकाला झेंडूच्या माळा होत्या आणि दोन्ही पल्ल्यांवर मुंजाबानेच सळईतून वळवलेली अक्षरे चमकत होती, 'साळूबाई स्मृतिद्वार'. आप्पासाहेब पांढऱ्या कपड्यांत उभे राहून खांबांना रिबीन बांधून घेत होते. शेजारी मुख्याध्यापक बद्रीनाथ सर होते.

"ये मुंजाबा," आप्पासाहेब खुशीत म्हणाले. "झकास काम केलं गड्या. जो येतो तो बघत उभा राहतो."

"आप्पा, फाटक उतरवावं लागतंय."

आप्पासाहेबांना वाटले हा थट्टा करतोय. मग त्यांचा चेहरा उतरला. "आज? पावणे येऊ लागलेत, माझ्या मायचं नाव हाय त्याच्यावर, आन् तू उतरवतो म्हणतो? माझ्या इज्जतीचा तर इचार कर!"

"निदान उघडं ठिवा."

"उघडं कसं ठेवणार?" सर म्हणाले. "कार्यक्रम सुरू झाला की लावूनच घ्यावं लागतं. मागच्या वर्षी ऐन नाचात म्हैस आत आली होती."

मुंजाबाने कारण सांगितले. पण जिभेला सवय नव्हती, त्यामुळे 'माझे चुकले' हे दोन शब्द सोडून बाकी सगळे सांगितले. वाडगा सांगितला, ट्रॅक्टर सांगितला, मेंढरे सांगितली. सर शांतपणे ऐकून घेत होते. ते हसून म्हणाले, "मुंजाबा, मुलं म्हणजे मेंढरं नव्हेत. आमची मुलं रांगेत बाहेर पडतात."

"मंग बघू की सर," बानाबाई मध्येच म्हणाली. "फाटक नुसतं लोटून घ्या, कडी बी घालू नका. आन् शाळा सुटल्याची घंटी द्या."

सरांना त्यात गंमत वाटली. सकाळच्या तालमीसाठी आलेली पन्नासेक पोरे अंगणात होती, कोळी, मोर, शेतकरीण, काय काय बनलेली. मुंजाबा बाहेरून फाटकाशी उभा राहिला. आप्पासाहेबही बाहेरच होते. घंटा झाली.

पहिल्यांदा नुसता हसण्याचा गोंधळ झाला. पुढची पोरे फाटकाला येऊन थडकली, पल्ला आत ओढायला हात घातले, पण तोवर मागची येऊन भिडली होती आणि मागे सरकायला जागाच उरली नव्हती. मागच्यांना वाटत होते की पुढचे मुद्दाम अडवतायत, म्हणून ती आणखी रेटत होती. हसणे थांबले. पुढे सापडलेली एक मोर झालेली मुलगी रडू लागली. "सरा मागं!" सर आतून ओरडले, पण त्यांचा आवाज पोरांच्या आवाजात बुडाला. मुंजाबाने बाहेरून पल्ल्याला खांदा लावला. सगळा जोर लावला, पाय मातीत रुतले. त्याचे फाटक त्याला हलेना. आपल्या हातच्या मजबुतीचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

बानाबाई मात्र आतच थांबली होती. ती सगळ्यात मागे गेली आणि खास मेंढरांसाठी राखलेली टकटक करत, हात पसरून, शेवटच्या पोरांना खोल्यांकडे वळवू लागली. त्या अजब आवाजाला मागची पोरे वळली, मग मधली. रेटा सैल झाला. फाटक अलगद उघडले. किती अलगद, तर कुणालाही वाटावे की ते कधी अडलेच नव्हते.

मोर झालेली मुलगी मुसमुसत बाहेर आली. तिच्या गालावर सळईच्या अक्षराचा लालबुंद वळ उठला होता. आप्पासाहेब खाली वाकले. त्यांनी तिचा गाल बघितला, मग फाटकावरचे 'सा' बघितले.

"माझी माय," ते हळू म्हणाले, "गावातल्या निम्म्या पोरींची बाळंतपणं करणारी बाई. तिच्याच नावानं पोरगी दाबली."

"आप्पा," मुंजाबा म्हणाला. "तिच्या नावाला दोष नाय. माझं चुकलं."

बानाबाईने भावाकडे बघितले आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत.

"काढ," आप्पासाहेब म्हणाले, आणि स्वतःच सदऱ्याच्या बाह्या सारल्या. मुंजाबाने बोल्ट सोडले. मंडपवाली माणसे, सर, आप्पासाहेब, सगळ्यांनी मिळून दोन्ही पल्ले उचलले आणि लिंबाला टेकवून ठेवले. रिबीन रिकाम्या खांबांना तशीच राहिली. चार वाजता पाहुण्यांनी ती कापली. फाटक कुठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "उघडंच हाय, या." म्हशींसाठी दोन गडी काठ्या घेऊन उभे केले.

तिसरा नाच चालू असताना माळावरून वावटळ आली. या दिवसांत ती येतेच, त्यात नवल काही नाही. मंडपाचे कापड फाटत वर गेले, एक बांबू कलंडला, दिव्यांची माळ तडतडत खाली आली आणि कुणीतरी बाई किंचाळली. सगळे गाव उठले. लेकरे काखोटीला मारून बाया धावल्या, म्हाताऱ्यांना धरून माणसे धावली, आणि खांबांच्या मधून भराभरा रस्त्यावर गेली. मुंजाबा खांबाला पाठ लावून उभा होता. धुळीने डोळे भरले होते तरी त्याने ते मिटले नाहीत. शेवटी सर स्टेजवरच्या पोरांना घेऊन बाहेर पडले.

वावटळ जशी आली तशी गेली. कुणाला खरचटलेसुद्धा नव्हते. लोक धूळ झटकत हसू लागले, मंडपवाल्याला शिव्या देऊ लागले, चपला शोधायला परत आत जाऊ लागले. दाराचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. मुंजाबाचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच खांबाशी खाली बसला. बानाबाईने कुठूनसा चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "'चुकलं' म्हणल्यानं कुणी मरत नाय."

"न म्हणल्यानं मरत्यात, अक्का," मुंजाबा म्हणाला आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो शाळेपाशीच कामाला बसला. बिजागऱ्या कापून बाहेरच्या अंगाला डाकून बसवल्या, पल्ले अडवणारी जमिनीतली अडणी काढून आतल्या बाजूला रोवली, अक्षरांच्या मागे साधा पत्रा लावला, म्हणजे पुन्हा कुणाच्या गालाला ती लागायची नाहीत. जन्मभराच्या सवयीने हात दोनदा उलटे गेले. दोन्ही वेळा त्याने वेल्डिंगचा टाका तोडला आणि परत घातला. बापाची आठवण येत होती. बाप काही चुकीचे सांगून गेला नव्हता. त्याने मेंढरांचे सांगितले होते.

दुपार कलताना पल्ले परत खांबांवर चढले, तेवढ्यात बानाबाईचा कळप रस्त्याने निघाला. ती क्षणभर थांबली, फाटकाच्या आत आली आणि बोटाने पल्ला ढकलून बघितला. तो आवाज न करता बाहेर गेला.

"ह्यात मेंढरं नाय ऱ्हायची रे," ती म्हणाली.

"नाय ऱ्हायची," मुंजाबा म्हणाला.

ती हसली आणि कळपामागे चालू लागली. आजवर आपण केलेली बाकीची फाटकेही हळूहळू बघायला हवीत, मंगल कार्यालयाचे तर उद्याच, असे मनाशी म्हणत तो हत्यारे गोळा करू लागला. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरे ओरडत निघाली. पहिल्या पोरीच्या धक्क्यासरशी दोन्ही पल्ले सताड उघडले. मुंजाबा त्यांच्या वाटेतच उभा होता, तो मागे सरला.