नवं व्हर्जन आणि देवाची पत्रिका

सरोजिनीचा नियम साधा होता: चालतंय ना, मग हात लावायचा नाही. जुईनगरच्या आपल्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून ती लग्नपत्रिका करून द्यायची, आणि त्या मशीनने तिला आजवर एकदाही दगा दिला नव्हता. दगा द्यायला नवरा होता ना! दिलीपच्या ऑफिसात काही नवीन आलं, की ते घरी आणल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या रविवारी ती भाजी आणायला गेली, तेवढ्यात त्याने तिच्या कॉम्प्युटरवर सिस्टिमचं नवं व्हर्जन घालूनही टाकलं.

दुपारी कळंबोलीचे हौसेराव आले. सोबत त्यांची आई, गोजराबाई. मुलीची पत्रिका तयार होती, फक्त प्रिंट काढायची होती. पहिली पत्रिका देवापुढे ठेवल्याशिवाय त्यांच्यात कुणाला आमंत्रण जात नाही, आणि म्हातारी ती घेऊन संध्याकाळच्या एसटीने गावी निघाली होती.

सरोजिनीने फाईल उघडली. गणपतीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि चौकोन. नवरीचा तर कुठे पत्ताच नाही.

"अहो! हे काय करून ठेवलंत?"

"मी चेक केलं होतं गं. सगळं उघडत होतं."

"माझी एक तरी मराठी फाईल उघडलीत?"

दिलीपने चष्मा पुसायला घेतला.

"माझ्या ड्रॉवरमध्ये मराठी फॉन्टच्या फ्लॉप्या आहेत. आत्ताच्या आत्ता परत घाला."

"ते... नवं व्हर्जन कॉपी करायला फ्लॉप्या कमी पडल्या. त्याच पुसून घेतल्या. वाटलं, जुन्याच तर आहेत."

सरोजिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांदेखत काय बोलणार? तेवढ्यात दिलीपने आणखी अक्कल पाजळली. "हौसेराव, पत्रिका इंग्लिशमध्येच काढू या का? इंग्लिश एकदम झकास चालतंय."

"आमच्या देवाला इंग्लिश येतंय व्हय?" गोजराबाईंनी विचारलं.

सरोजिनीने कोरं कार्ड घेतलं, लाल स्केचपेन काढलं आणि खाली बसून पत्रिका हाताने लिहिली. वरती गणपती काढला. गोजराबाईंनी ती कपाळाला लावून पदरात गुंडाळली.

"वैनी, लय भारी!" हौसेराव म्हणाले. "बाकीच्या पण ह्याच्यावरनंच छापून घेतो. कॉम्प्युटर कशाला पायजे?"

ते गेल्यावर दिलीपचा जीव भांड्यात पडला. "बघ, उगाच टेन्शन घेतलंस. झालं ना काम? काय सुरेख अक्षर आहे तुझं!"

"अक्षर शाळेपासून सुरेखच आहे माझं," सरोजिनी म्हणाली. "लग्नानंतर मी एकच गोष्ट नवीन शिकले होते. ती आज हौसेरावांना नको झाली."