सहाव्या भागाचा शेवट

आमच्या ग्रुपचं नाव 'एम्बरगेट सोलापूर'. त्यात सगळ्यांत वयानं मोठी मी. सगळे मला काकू म्हणतात, भांडतानासुद्धा काकूच म्हणतात. "काकू, तुम्हाला काय कळत नाही," असं. मला ते आवडतं. घरात माझ्याशी भांडायला कुणी उरलेलं नाही.

एम्बरगेट हा मारामारीचा व्हिडिओ गेम. त्याचे आजवर सहा भाग निघाले. डॅरिक नावाचा तलवारवाला आणि मोरो नावाचा ढालवाला, दोघं जळक्या राज्यातून राक्षस मारत वाट काढतात. एका टीव्हीपुढं दोघांनी मांडीला मांडी लावून खेळायचा. वाटेत दारं लागतात आणि प्रत्येक दाराला दोन बाजूंना दोन चाकं असतात. दोन्ही एकदम फिरवली तरच दार उघडतं.

डॅरिक म्हणजे माझा मुलगा ओजस. मोरो मी.

ओजस नववीत असताना त्याचे बाबा गेले. त्यानंतर पोरगा बोलेनाच. जेवायला ये म्हटलं की यायचा, ताट रिकामं करायचा, उठून जायचा. त्याचं मन रमावं म्हणून माझ्या भावानं ते गेमचं मशीन आणून दिलं, तर हा दिवसभर त्याच्यापुढं. मी पदराला हात पुसत दारात उभी राहून बघायची. एकदा तो कुठल्याशा दारापाशी अडकला होता. माझ्याकडं न बघताच त्यानं दुसरा रिमोट माझ्या बाजूला सरकवला.

"नुसतं हे गोल बटण दाबून धर," म्हणाला.

किती दिवसांनी तो एवढं मोठं वाक्य बोलला होता. मी खाली बसले, बटण धरलं आणि दार उघडलं.

मग मी शिकतच गेले. शाळेत माझं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. बँकेचं पत्र आलं तर अजून अडते. पण दबा धरून बसलेल्या शत्रूला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला झोपेतून उठवून विचारा. ढाल कधी वर घ्यायची, डॅरिक पडला तर त्याला कसं उचलायचं, सगळं येत गेलं. मोरोला फारसं मारायचं काम नसतं. त्यानं झेलायचं. ते मला आधीपासून येत होतं.

ओजस नोकरीला बंगळूरला गेला, तरी मशीन इथंच राहिलं. नवा भाग निघाला की तो रजा टाकून घरी यायचा. लोकांच्या मुली माहेरपणाला येतात, माझा मुलगा एम्बरगेटला यायचा. मी शेंगाची चटणी कुटून ठेवायची. आम्ही सकाळी बसायचो ते मान धरेपर्यंत.

सहावा भाग निघाला तेव्हाही तो आला. अगदी शेवटच्या राक्षसापर्यंत आम्ही पोचलो, आणि त्याला ऑफिसमधून फोन आला. बॅग भरता भरता म्हणाला, "आई, हे इथंच राहू दे. पुढच्या वेळी संपवू. एकटी पुढं जाऊ नको हं."

"मी कशाला जाते?"

तो खेळ तसाच राहिला. पुढची वेळ काही येईना. कधी त्याचं काम निघे, कधी रजा मिळत नसे. मी मशीनवरची धूळ पुसत होते, पण ते सुरू केलं नाही. अर्धा राहिलेला खेळ घरात आहे म्हणजे तो येणार, असा माझा हिशेब.

वापर नाही म्हणून दुसऱ्या रिमोटची बॅटरी बसली. तो घेऊन मी सात रस्त्याला गुरूच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"पोराचा काय ओ काकू?"

"माझा. मी मोरो खेळते."

गुरूनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मोरो? खरंच? काकू, आमच्यात मोरो व्हायला कुणी तयारच न्हाय. सगळ्यांना डॅरिक पायजे. मोरोला कॉम्प्युटरवर सोडतो आमी, त्योच खेळवतोय त्याला." आणि माझा नंबर घेऊन त्यानं मला ग्रुपात घातलं.

ग्रुपवर एकच विषय: एम्बरगेट बिघडला की नाही. बिघडला याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते कधी बिघडला यावर. गेल्या डिसेंबरात कंपनीनं जाहीर केलं की सातवा भाग एकट्यानं खेळायचा असेल, दुसऱ्या खेळाडूची जागाच नसेल. मग तर आगच लागली. फोनवर लिहून कुणाचं समाधान होईना, म्हणून रविवारी सकाळी गुरूच्या दुकानाशेजारच्या हॉटेलात चहाला जमायचं ठरलं. गुरू, ऋतुजा आणि पृथ्वीराज आले. ऋतुजा शाळेत शिकवते. पृथ्वीराज वैरागचा, इथं इंजिनिअरिंगला आहे. आणि मी.

"तिसऱ्यानंतर सगळं संपलं ओ," गुरू म्हणाला. "तिसऱ्यातला एकेक राक्षस कसला होता! दोन-दोन दिवस पडायचा न्हाय. आता हात लावला की आडवा. बारक्या पोरांसाठी केलंय."

"तुला तेव्हा खेळता येत नव्हतं, म्हणून पडत नव्हता," ऋतुजा म्हणाली.

"पाचव्यात घाण केली," पृथ्वीराजनं टेबलावर हात आपटला. "येवढं मोकळं रान दिलंय. हाय काय त्यात? नुसतं चाला. तेवढ्यात मी मंद्रूपला चालत जाऊन बाजार करून आलो असतो की."

"रान छान आहे," मी म्हणाले. "संध्याकाळचा उजेड काय सुंदर पडतो तिथं."

"काकू, तुमाला सगळंच सुंदर!" पृथ्वीराज म्हणाला.

खरं होतं ते. मी प्रत्येक भागाची बाजू घ्यायची. पाचव्यातलं चालणं मलाही कंटाळवाणं वाटलं होतं. पण गेम बिघडला हे मान्य केलं, तर ओजस कशासाठी येईल? भिकार गेमसाठी कुणी रजा टाकत नाही.

"आणि सहाव्याचा तो शेव—" पृथ्वीराज बोलला आणि एकदम "आई गं" करून पाय चोळायला लागला. ऋतुजानं टेबलाखालून लाथ मारली होती.

"काकू आहेत," ती दातओठ खाऊन म्हणाली.

ग्रुपचा हा एक नियमच होऊन बसला होता. काकूंना सहाव्याचा शेवट सांगायचा नाही. शेवटाला ते 'ते' म्हणायचे. 'ते' आलं की ग्रुपवर पटकन कुणीतरी फुलांची चित्रं टाकायचं. खरं तर सगळं भांडण 'ते'वरच येऊन अडायचं, पण माझ्यामुळं त्यांना पोटभर भांडता येत नव्हतं.

"काकू, किती दिवस ठिवणार ओ ते?" गुरू कळवळून म्हणाला. "आमचा जीव गुदमरतोय."

"गड्ड्याला येतोय ओजस. संक्रांतीच्या यात्रेत रजा घेतो म्हणालाय. तोवर दम धरा."

"शेवट न बघताच बाजू घेताय म्हणजे कमालच की," पृथ्वीराज म्हणाला.

"एवढे भाग ज्यांनी मन लावून केले, ते शेवटच कशाला वाईट करतील?" मी म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. दवाखान्यात पेशंटच्या डोक्यावरून नातेवाईक बघतात, तसं. मग ऋतुजा म्हणाली, "अजून एक चहा सांगू का, काकू?"

त्याच संध्याकाळी ओजसचा फोन आला. दर रविवारी त्याचा फोन असतोच. मी त्याला सकाळचं सगळं रंगवून सांगितलं, मंद्रूपचा बाजार, टेबलाखालची लाथ. तो खूप हसला. मलाही बोलायचा चेव आला.

"आणि सातवा म्हणे एकट्याचाच आहे," मी म्हणाले.

"मग काय! सहाव्यातच त्यांनी वाट लावली. मोरोला चाकाशी उभा करून डॅरिक एकटाच दाराबाहेर जातो. इतक्या भागांची दोस्ती आणि हा शेवट? आणि ते चाक धरायचं तरी किती वेळ! उर्वीचा अंगठा..."



तिकडं कुकरची शिट्टी झाली. ओजसला कुकर लावता येत नाही.

"आई?"

"अरे आहे. ऐकतेय."

"आई, तू... तुझा राहिला नव्हता ना तो? मला वाटलं, तू एव्हाना संपवला असशील."

"संपवला की. केव्हाच." माझ्या तोंडून सहज निघून गेलं. "मलाच वाटत होतं, तू राहिलायस."

तिकडून त्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग सगळं बाहेर आलं. उर्वी त्याच्याच ऑफिसात. तिनं नवं मशीन घेतलं होतं, असंच एकदा बसले आणि संपून गेलं. मला सांगणारच होता. समोरासमोर सांगायचं होतं म्हणून राहिलं. आणि आता गड्ड्याला काही जमणार नव्हतं, कारण संक्रांतीला तिच्या घरच्यांनी हुबळीला बोलावलं होतं.

"मार्चमध्ये नक्की. तिलाही घेऊन येतो. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय? आण की." मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथल्या स्टुलावर बसले. "आणि ऐक. तिला म्हणावं, ते गोल बटण मधल्या बोटानं धरायचं. अंगठ्यानं धरलं की दुखणारच."

फोन ठेवला. मला उर्वीचा राग आला नव्हता, हे अगदी खरं. मोरो व्हायला कुणी तयार नसतं. ही पोरगी झाली होती, अंगठा दुखेपर्यंत. मला फक्त एवढंच वाटत राहिलं की इतके दिवस मी ज्याची राखण करत होते, ती बरणी केव्हाच रिकामी होती आणि मी आपलं वरचं फडकं बदलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी आवरून, पंखा मोठा करून मशीन लावलं. उजव्या बाजूला डॅरिकचा रिमोट, डाव्या बाजूला मोरोचा. गुरू लोक मोरोला कॉम्प्युटरवर सोडतात, तसं मलाही डॅरिकला सोडता आलं असतं. नाही सोडलं.

शेवटच्या राक्षसानं माझे हाल केले. मोरोचं ढालीचं बटण गुडघ्याखाली दाबून ठेवायचं आणि दोन्ही हातांनी डॅरिकची तलवार चालवायची. डॅरिक पडला की तो रिमोट टाकून मोरोचा उचलायचा, धावत त्याच्याकडं जायचं. कितीदा मेलो आम्ही दोघं. वरच्या मजल्यावरच्या काशम्मा जाता जाता खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "काय ओ, कुणाला शिव्या घालायलात?" मी म्हणाले, "टीव्हीत हाय." उन्हं भिंतीवरून खाली आली तेव्हा तो राक्षस कोसळला.

पुढं दार होतं. या दाराला चाक एकच होतं.

मोरो आपण होऊन त्या चाकाशी जाऊन उभा राहिला. पडद्यावर गोल बटणाचं चित्र आलं. मी मधल्या बोटानं धरलं. दार वर गेलं. पलीकडं पांढरा उजेड, आणि डॅरिक उंबऱ्याच्या आत उभा.

मला वाटलं होतं, तो आपला आपण जाईल आणि मी बघेन. पण तो हलेना. त्याला चालवायचं कामही माझ्याकडंच होतं, उजव्या हातात.

मी थांबले. गेमला घाई नव्हती. तो उभा, मी चाक धरून उभी. मग मी मुद्दाम बटण सोडून बघितलं. दार धाडकन पडलं आणि डॅरिक मागं वळून मोरोकडं आला. पुन्हा धरलं तर पुन्हा जाऊन उंबऱ्याशी उभा राहिला. असं बऱ्याच वेळा केलं. तो दरवेळी परत यायचा, पण खेळ काही पुढं सरकायचा नाही. त्या दोघांवर तिथंच राख उडत राहिलेली.

आता यातून फार अर्थ काढत बसायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. बोट दुखायला लागलं होतं. डाव्या हातानं बटण घट्ट धरलं आणि उजव्या अंगठ्यानं मीच डॅरिकला पुढं ढकललं. तो गेला. उजेडात दिसेनासा झाला. पडद्यावर नावं यायला लागली, तरी मी बटण धरूनच होते. सोडायला कुणी सांगितलं नाही.

चहा ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "सहाव्याचा शेवट बघितला."

सगळे एकदम जागे झाले. गुरूनं विचारलं, "मुलगा आला काय ओ?" ऋतुजानं नुसतंच "काकू?" लिहिलं. पृथ्वीराजला कसला दम? "आता बोला काकू! भंगार हाय का न्हाय? गेला की न्हाय मोरोला टाकून?"

मी चष्मा पुसला. गुरूला उत्तर दिलं नाही. पृथ्वीराजला लिहिलं, "शेवट चांगला आहे. तुम्ही सगळे डॅरिक खेळता, म्हणून तुम्हाला तो टाकून गेल्यासारखा वाटतो. मोरो खेळून बघा."

 मला वाटलं, आता फुलांची चित्रं येतात की काय.

मग पृथ्वीराजचं आलं, "काकू, तुम्हाला काय कळत नाही."

चहा उतू जात होता. मी गॅस बारीक केला आणि त्याला सविस्तर उत्तर लिहायला बसले.