बगळ्याचे बटण

मित्रांनो, कुणाच्या गळ्यात पडू नये असे तुम्हाला घरी शिकवत असतील. पण माझा तो जन्मभराचा उद्योग आहे. मी दुर्बीण आहे, आणि चांगली जुनी आहे. वय विचारू नका, सांगणार नाही.

माझी एक गंमत आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. मला भिंगे आहेत, पण माझे असे डोळे नाहीत. मला जो डोळ्यांना लावतो, त्याला जे दिसते तेच मला दिसते. त्याला बदक दिसले तर मलाही बदक, त्याला नुसते पाणी दिसले तर मलाही पाणी. माझे सारे आयुष्य असे उसन्या नजरेवर गेले. त्याची मला तक्रार नाही. उलट ज्यांनी आपली नजर मला दिली, त्यांची मी फार ऋणी आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे एका लांब टेबलापाशी बसून एका कारागीर बाईने माझी भिंगे पुसून पुसून बसवली. काम झाल्यावर तिने मला खिडकीबाहेर रोखले आणि समोरच्या छपरावरचे कबूतर पाहिले. "हं, झकास," असे म्हणून तिने मला डब्यात घातले. ते कबूतर माझा पहिला पक्षी. पुढे खूप देखणे पक्षी पाहिले, पण त्या कबुतराला मी विसरलेले नाही.

दुकानाच्या काचेतून मला घरी नेले ते माझ्या साहेबांनी. ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, खोटे वजन दिसले की जागच्या जागी पकडायचे. सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, घरीच शिवणकाम करीत. दिवसभर लोकांच्या कोटांना बटणे लावीत. आणि माझ्या चामडी पिशवीचे बटण मात्र पहिल्या एकदोन वर्षांतच तुटले, ते तसेच राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसे. साहेब पिशवीचे झाकण सुतळीने बांधीत आणि म्हणत, "आमच्या घरात शिंपी असतो, पण तो फार कामात असतो."

गावाच्या कडेला एक मोठे तळे आहे. दर हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी तिथले पक्षी मोजतात. मोजणारी मंडळी तळ्याचे किनारे वाटून घेतात. या सगळ्यांच्या म्होरक्या म्हणजे साहेबांची धाकटी बहीण, बाईंची नणंद. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी अजून आहे. दक्षिणेचा किनारा साहेबांचा आणि बाईंचा, हे ठरलेलेच होते.

आता हवेचे म्हणाल, तर या दोन दिवसांनी कधी मेहेरबानी केल्याचे मला आठवत नाही. आदल्या आठवड्यात लख्ख ऊन असे आणि मोजणी आली की धुके, भुरभुर पाऊस, हाडे गोठवणारा वारा. अशा वेळी कागदाचा लगदा होतो आणि बोटांत पेन्सिल राहत नाही. म्हणून बाईंनी आपली शिवणकामाची युक्ती काढली. कोटाच्या डाव्या खिशात त्या मूठभर बटणे घेत. लाल बटण म्हणजे दहा थापट्या बदके, काळे म्हणजे दहा चांदवे, म्हणजे काळे पाणपक्षी, पांढरे म्हणजे दहा टिबुकल्या, त्या चिमुकल्या बुडी मारणाऱ्या. साहेब मला डोळ्यांना लावून म्हणत, "चांदवे, दहा," आणि बाईंच्या खिशात काळे बटण डावीकडून उजवीकडे जाई. घरी आल्यावर उजवा खिसा टेबलावर रिकामा केला की मोजणी तयार. त्या किनाऱ्यावर चोवीस तास पाऊस पडला तरी बटणे काही विरघळत नाहीत.

शेवटी एक मोठे राखाडी बटण असे. जुन्या ओव्हरकोटाचे. ते एकट्या बगळ्याचे. समोरच्या काठावर, लव्हाळ्यांच्या कडेला, दर हिवाळ्यात एक राखी बगळा उभा असे. परतायच्या वेळी साहेब मला तिकडे वळवीत आणि मोठ्या समाधानाने म्हणत, "आणि एक बगळा."

"अहो, पण तो कधीच हलत कसा नाही?" बाई विचारत.

"हलला तर बगळा कसला!"

नणंदबाईंना या बगळ्याचे भारी कौतुक. वर्गात एखादे पोर चुळबुळ करू लागले, तर त्या ओरडत, "दादाच्या बगळ्यासारखा बस बघू!"

बाईंनी मात्र मला कधी नीट वापरले नाही. माझ्या उजव्या भिंगाजवळ एक कडी आहे. प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे ती फिरवून बसवावी लागते. साहेबांनी ती आपल्या डोळ्यांना बसवली होती. बाई चष्मा काढून मला डोळ्यांना लावीत, त्यांना सगळे दुधाळ दिसे. "मला नाही बाई काही दिसत," असे म्हणून त्या मला परत देत आणि बटणांकडे वळत. दोघांचे असे छान चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात साहेब गेले.

मी कपाटात स्वेटरांच्या घडीत जाऊन पडले. अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि गप्प घर. पण बाईंनी मला टाकले नाही, हे मी कृतज्ञतेने सांगते. अधूनमधून त्या मला बाहेर काढीत, मऊ फडक्याने भिंगे पुशीत आणि परत ठेवीत. कडीवरून मात्र फडके हलकेच वळवीत. ती जशी होती तशीच राहावी, म्हणून.

मोजणीचे दिवस आले तशा नणंदबाई घरी आल्या. "वहिनी, दक्षिणेचा किनारा यंदा कुणाला देऊ?"

"कुणाला म्हणजे? मी आहे की."

"दादा बघायचा, तुम्ही बटणं टाकायच्या. आता बघणार कोण?" नणंदबाई कडक, पण वाईट नव्हेत. "हे बघा, एक वर्ष करून पाहा. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. पण मोजणी ती मोजणी. पुढच्या वर्षी किनारा दुसऱ्याला द्यावा लागेल."

मित्रांनो, तो किनारा म्हणजे बाईंच्या संसारातली उरलेली एक खोली होती. ती जाते की राहते, एवढाच प्रश्न होता.

शनिवारी धुके असे, की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. बाईंनी चष्मा काढला, मला डोळ्यांना लावले, आणि आम्हा दोघींना दुधात काहीतरी काळे काळे तरंगताना दिसले. चांदवे! बाईंनी उजव्या खिशात काळी बटणे टाकायला सुरुवात केली. तेवढ्यात नणंदबाई फेरी मारत आल्या.

"काय मोजताय?"

"चांदवे. पुष्कळ आहेत हो, वन्सं!"

नणंदबाईंनी आपली दुर्बीण लावली आणि खाली घेतली. "वहिनी, ती मासेमारीच्या जाळ्याची लाकडं आहेत."

बाईंनी गुपचूप बटणे परत डाव्या खिशात टाकली. त्यांचा चेहरा तापलेला मला जवळून जाणवत होता.

"बरं, दादाचा बगळा तरी दिसला का?"

"एवढ्या धुक्यात कुठला दिसायला?"

"दादाला धुक्यातही दिसायचा," असे म्हणून नणंदबाई चालू लागल्या. बोलून गेल्यावर त्यांनाही वाईट वाटले असावे, कारण थोड्या अंतरावर त्या थांबल्या होत्या. पण मागे वळल्या नाहीत.

रविवारी धुके थोडे विरळ झाले, तर त्याची कसर भरून काढायला पाऊस आला. बाई काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या. चष्मा घालून पाहिले, काढून पाहिले, मला लांब धरले, जवळ धरले. नणंदबाई थर्मास घेऊन शेजारी येऊन बसल्या. झाकणातला चहा पुढे करत त्यांनी हा सगळा खटाटोप जरा वेळ पाहिला.

"वहिनी, ती कडी फिरवा ना. साधी गोष्ट आहे."

"नको."

"अहो, का नको?"

"ती ह्यांनी लावलीय," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं तेवढंच जागेवर आहे. बाकी सगळं मी आवरून टाकलं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. नणंदबाईंनी शिट्टीशी चाळा केला. मग त्या म्हणाल्या, "दादा जन्मभर लोकांचे काटे तपासत हिंडला. काटा चुकीचं दाखवतोय हे माहीत असून तुम्ही तसाच वापरला असता, तर तो काय म्हणाला असता?"

"माझ्यावरच खटला भरला असता," बाई म्हणाल्या. हसू आले आणि डोळेही भरले. त्यांनी ते पुसले, मला उचलले आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी कडी फिरवली.

मला वाटले होते, दुखेल. पण नाही. आधी सगळे आणखी पुसट झाले, मग अचानक तळे पुढ्यात आले. पावसाचा एकेक थेंब पाण्यावर उडत होता. एक टिबुकली बुडी मारून वर आली, तिच्या चोचीवर पाणी होते. बाईंनी जोरात श्वास घेतला. इतकी वर्षे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले सगळे त्यांच्यासमोर उभे होते. त्या क्षणी मला जे सुख झाले, ते सांगण्यासारखे नाही. "टिबुकल्या, दहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. बटणे भराभर उजवीकडे जाऊ लागली. लाल, काळी, पांढरी. नणंदबाई आपल्या दुर्बिणीने पडताळत होत्या. एकदाही त्यांनी अडवले नाही.

शेवटी बाईंनी मला समोरच्या काठाकडे वळवले. लव्हाळे, त्यांच्या कडेला ती राखाडी आकृती. उंच, ताठ, मान किंचित वाकलेली. बाईंनी माझे मधले चाक हळूहळू फिरवले. आकृतीला साल दिसू लागली. सालीवर शेवाळ दिसले. चोच म्हणजे मोडकी फांदी होती.

तो बगळा नव्हता. झाडाचा वाळका खुंट होता.

बाई कितीतरी वेळ तशाच पाहत राहिल्या. उन्हाळ्यात लव्हाळे वाढून तो खुंट झाकला जात असणार, आणि हिवाळ्यात मोजणीला अशी ही हवा. कळणार कसे? एक बटण निमूट डावीकडून उजवीकडे टाकले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता. साहेबांचा मान राहिला असता. बाईंचा हात खिशात गेलाही. मग तो रिकामा बाहेर आला.

"वन्सं," त्यांनी मला पुढे केले, "माझ्या दुर्बिणीतून जरा बघता?"

नणंदबाईंनी मला घेतले, कडी आपल्यापुरती फिरवली आणि पाहिले. चाक मागेपुढे करून पुन्हा पाहिले. मला धास्ती वाटली, आता या रडणार किंवा चिडणार. आणि त्यांच्या तोंडून एकदम फस्सकन हसू फुटले.

"वहिनी, खुंट! खुंट आहे हो तो!"

"वजनमाप निरीक्षक!" बाई म्हणाल्या.

"आणि मी पोरांना त्याच्यासारखं बसायला सांगत होते! बरोबरच सांगत होते म्हणा!"

दोघी पोट धरधरून हसल्या. एक पाणकावळा घाबरून उडाला, त्याला मोजायचेही भान राहिले नाही. हसता हसता नणंदबाई रडू लागल्या, मग बाईही. साहेब गेल्यापासून त्या दोघी एकत्र रडल्या नव्हत्या. शेडमध्ये पाऊस ओघळत होता, चहा निवून गेला होता, आणि त्यांना दोन्हींची पर्वा नव्हती.

"यंदा बगळा नाही," शेवटी बाई म्हणाल्या.

"नाही," नणंदबाईंनी नाक पुसले. "आणि किनारा तुमचा. पुढच्या वर्षी कुणी मागितला तर शिट्टी फुंकीन."

घरी परतताना बाई हळूच म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना खरंच बगळा वाटायचा, की रिकाम्या हाती परत जायला नको म्हणून माझ्यासाठी म्हणायचे?" नणंदबाईंना ते कुठून ठाऊक असणार? मला मात्र ठाऊक आहे, मित्रांनो, आणि बाईंना सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. साहेबांच्या डोळ्यांना लागलेली असताना मला कधीही खुंट दिसला नाही. पिसे फुगवून, मान आखडून, गार वाऱ्यात उभा असलेला राखी बगळाच दिसे. अगदी खराखुरा.

त्या संध्याकाळी बाईंनी उजवा खिसा टेबलावर रिकामा केला, बटणे मोजली आणि नणंदबाईंना फोनवर आकडे सांगितले. मग डाव्या खिशातले मोठे राखाडी बटण काढले. सुईत दोरा ओवला, आणि माझ्या पिशवीच्या झाकणावर ते चांगले घट्ट शिवून टाकले. इतक्या वर्षांनी माझी पिशवी नीट बंद झाली. सुतळी त्यांनी टाकून दिली नाही. गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवली.

तर मित्रांनो, माझी एखादी बहीण तुमच्या घरच्या कपाटात पडली असेल, तर तिला बाहेर काढा. भिंगे सदऱ्याच्या बाहीने पुसू नका, मऊ फडके घ्या. आणि ती कडी आधी कुणीही बसवलेली असो, बिनधास्त आपल्या डोळ्यांना बसवून घ्या. आम्ही रुसत नाही. आधीच्या माणसाने जे पाहिले, ते आमच्यापाशी राहतेच.