हर्षाच्या हातावरचे डाग

वैशाखातही हर्षा पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालू लागली, तेव्हाच तिच्या आईला, जयवंताला, खटकलं होतं. पोरगी मौद्याहून रोज बसने नागपूरला, रामदासपेठेत मेडिकल असिस्टंटचा कोर्स करायला जायची. एका सकाळी वेणी घालताना तिची बाही वर सरकली आणि कोपराच्या आतल्या बाजूला हिरवेनिळे डाग दिसले. मधोमध सुईच्या खुणा.

"हे काय वं?"

"काही नाही, आई. मच्छर चावले."

मच्छर असे एकाच शिरेवर रांगेने चावतात काय? जयवंताची नजर लेकीवरून हटेना. पोरगी जेवायची कमी, परीक्षेचं विचारलं की उठून जायची. कोणी हिच्यावर नवी औषधं तर आजमावून पाहत नसेल? की हिलाच काही आजार आहे?

गुरुवारी हर्षा निघाली आणि पाठोपाठच्या बसने जयवंताही.

वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. आत हर्षा हात पसरून बसलेली, दंडाला पट्टा, आणि एक मुलगी सुई घेऊन वाकलेली.

"माह्या पोरीले हात लावू नको!"

शिकवणाऱ्या श्वेता मॅडम धावत आल्या. रबरी हातावर सराव झाला की मुली एकमेकींचं रक्त काढायला शिकतात, त्यांनी समजावलं. मग त्यांचं लक्ष डागांकडे गेलं. "आठवड्यातून एकदाच म्हटलं होतं ना, हर्षा?"

हर्षा रडायलाच लागली. "माह्या हातात सुई थरथरते, मॅडम. टोचायचा माहा नंबर आला की मी आपलाच हात पुढे करते. अन् उद्या तर परीक्षा."

जयवंता खुर्चीत बसली. "मले टोच."

पण आधी तिने परवानगीचा कागद दोनदा वाचून घेतला. सुईचं पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावलं, मगच सही केली.

"तुले दुखेल, आई."

"दुखू दे. टोच तू."

पहिल्यांदा शीर निसटली. जयवंताने ओठ घट्ट मिटले. मॅडमनी दुसरा हात घ्यायला सांगितला, नवी सुई दिली, आणि या वेळी नळीत रक्त चढलं.

परीक्षेत हर्षा पास झाली, मार्क बेताचेच. महिन्याभरात प्रताप नगरच्या एका दवाखान्यात कामही मिळालं. पहिल्या दिवशी जयवंता सोबत गेली आणि दुपारपर्यंत बाकावरून हलली नाही. आत-बाहेर करणाऱ्या डॉक्टरला ती वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

"काकू, तुमचा नंबर कितवा?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मी पेशंट नाही," जयवंता म्हणाली. "पाहून राहिली."